डार्कटेबलचा टोन इक्वलायझर: सावल्या उजळायच्या तर अशा

कार्ल्याच्या चैत्यगृहात आतून दाराकडे कॅमेरा धरला की हमखास एकच प्रकार होतो. कमानीची मोठी खिडकी पांढरीफटक आणि खांबांच्या माथ्यावरचे हत्ती काळेठिक्कर. मग घरी येऊन शॅडोची पट्टी उजवीकडे ओढली जाते. हत्ती दिसायला लागतात खरे, पण सगळा दगड राखाडी, धुरकट होतो आणि खांबांच्या कडेला पांढरट झालर उमटते.

डार्कटेबल या फोटो सुधारण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमधला टोन इक्वलायझर नेमका याच दुखण्यावरचा इलाज आहे. 2019 च्या 3.0 आवृत्तीपासून तो आहे. फोटोतला उजेड तो −8 ते 0 ईव्ही (उजेडाचं माप, एक ईव्ही म्हणजे एक स्टॉप) अशा नऊ पट्ट्यांत वाटतो आणि प्रत्येक पट्टी दोन स्टॉपपर्यंत वर किंवा खाली नेता येते. एक स्टॉप वर म्हणजे उजेड दुप्पट, एक खाली म्हणजे निम्मा. पण त्याची खरी करामत मास्कमध्ये आहे. आधी तो फोटोची एक पुसटशी कृष्णधवल प्रत तयार करतो, तोच मास्क. या प्रतीत हत्तीचं अख्खं अंग साधारण एकाच छटेचं असतं, त्यामुळे ते एकत्रच उजळतं. छिन्नीचे घाव, सोंडेवरची सुरकुती, यांच्यातला फरक जसाच्या तसा राहतो. साध्या कर्व्हने सावल्या वर उचलल्या की नेमकं हेच सपाट होतं.

क्रम मात्र चुकवू नका. आधी एक्सपोजर मॉड्यूलमध्ये (मॉड्यूल म्हणजे डार्कटेबलमधलं एकेक साधन) खांब डोळ्यांना पटतील इतके उजळवा, तेवढ्यापुरतं खिडकीकडे बघू नका. मग उजेडाचा मोठा पल्ला पडद्यावर मावेल असा बसवणारे मॉड्यूल, म्हणजे सिग्मॉइड किंवा फिल्मिक, दोन्हींपैकी एकच चालू ठेवा. त्यानंतरच टोन इक्वलायझर उघडा, आणि तोही थेट मास्किंगच्या टॅबवर.

इथे मास्कचं एक्सपोजर आणि मास्कचा कॉन्ट्रास्ट अशा दोन सरकपट्ट्या आहेत, दोन्हींच्या शेजारी जादूच्या कांडीचं चिन्ह आहे. आधी एक्सपोजरची कांडी दाबा, मग कॉन्ट्रास्टची. अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमधला हिस्टोग्राम (कोणत्या उजेडाचा भाग किती, हे दाखवणारा आलेख) नऊ पट्ट्यांवर ऐसपैस पसरला पाहिजे. हा मॉड्यूल ‘काही कामाचा नाही’ म्हणून सोडून देणारे बहुतेक जण हीच पायरी गाळतात. सगळा हिस्टोग्राम दोन-तीन पट्ट्यांत कोंबलेला असतो, म्हणून एक पट्टी हलवली की अख्खा फोटो हलतो.

पुढचं काम सोपं आणि फार सुखाचं आहे. कर्सर फोटोतल्या हत्तीवर न्या आणि माउसचं चाक फिरवा. ती जागा कोणत्या पट्टीत येते हे शोधत बसावं लागत नाही. अंधाऱ्या भागाला +1 आणि खिडकीला −0.7 ही सुरुवात पुरेशी होते. शेजारच्या पट्ट्यांमध्ये एकदम मोठी उडी घेऊ नका. हत्ती आणि खिडकी एकाच उजेडात आणली की लेणं लेण्यासारखं दिसत नाही, दुपारी अंगणात काढल्यासारखं दिसतं.

तरीही झालर दिसली तर मास्क पडद्यावर आणून बघा. खांबाची कड मास्कमध्ये विरघळलेली दिसेल. फेदरिंग (मास्क कडांना किती घट्ट धरतो ते ठरवणारी सरकपट्टी) थोडं वाढवा, कड घट्ट होईल. फार वाढवलं तर मास्क प्रत्येक खरखरीत कणाला चिकटतो आणि दगड पुन्हा सपाट होतो.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. सेन्सरवर तिन्ही रंग पूर्ण भरून गेले असतील तर खिडकीबाहेरचं आकाश कुठल्याच पट्टीने परत येत नाही. अशा जागी फोटो काढतानाच एक्सपोजर कमी ठेवा. त्याची किंमत सावल्यांतल्या नॉइझच्या, म्हणजे दाणेदारपणाच्या, रूपात मोजावी लागते, म्हणून दोन स्टॉप उजळवल्यावर दाणे कमी करणारा प्रोफाइल्ड डीनॉइझ मॉड्यूल लावाच. जेपेग फाइलवर हा खटाटोप फारसा फळत नाही. तिथे प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये (सेन्सरवरची कच्ची नोंद) 16,384.

डार्कटेबलवरची खरी तक्रार शिकण्याच्या चढाची आहे. मॉड्यूलची नावं बोजड आहेत आणि पहिल्यांदा उघडलेली रॉ फाइल कॅमेऱ्यातल्या जेपेगपेक्षा फिकी दिसते, त्यामुळे नवखा माणूस बिचकतो. जुन्या लॅपटॉपवर चांगलं ग्राफिक्स कार्ड नसेल तर प्रत्येक बदलाला थांबावं लागतं. लिनक्स, विंडोज आणि मॅकवर चालतं, फोनवर नाही. लग्नाचे हजार फोटो रात्रीतून द्यायचे असतील तर अडोबीच्या लाइटरूम सॉफ्टवेअरमधल्या हायलाइट-शॅडो पट्ट्याच बऱ्या. निवांत बसून एकेका फोटोवर काम करणाऱ्याने मात्र हे शिकून घ्यावंच. मूळ फाइलला धक्का लागत नाही, सगळे बदल शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये राहतात.

घाईत असाल तर मॉड्यूलमध्ये सावल्या-हायलाइट दाबणारे तयार प्रीसेट आहेत, त्यातला मध्यम बरा. पण प्रीसेट लावल्यावरही दोन्ही कांड्या पुन्हा दाबायच्या. नंतर एक्सपोजर बदललंत तरीही.