तालुक्याचं साप्ताहिक टपालाने मागवताय? नऊ वर्षांच्या वर्गणीदाराचा अनुभव

माझं माहेर भुदरगड तालुक्यात, राहते डोंबिवलीत. आप्पा गेल्यावर त्यांच्या साप्ताहिकाची वर्गणी मी माझ्या पत्त्यावर वळवून घेतली, त्याला नऊ वर्षं झाली. वर्षाचे ३०० रुपये. शनिवारी छापलेला अंक मंगळवारी, फार तर बुधवारी हातात पडतो. तपकिरी कागदाची पट्टी, तिच्यावर डिंकाने चिकटवलेला पत्ता, आणि नावाखाली बारीक टायपात टपालाचा नोंदणी क्रमांक.

त्या बारीक ओळीवरच हे साप्ताहिक तगून आहे. नोंदणीकृत वृत्तपत्राला ५० ग्रॅमपर्यंत अंकामागे २५ पैसे टपालखर्च पडतो. चार आण्याचं नाणं २०११ च्या जूनअखेर चलनातून गेलं, हा दर राहिला. ५२ अंकांचे झाले १३ रुपये. साध्या पाकिटाच्या ५ रुपये दराने कमीत कमी २६० लागले असते, म्हणजे माझी बहुतेक वर्गणी तिकिटांतच संपली असती. छोट्या पेपरांना सरकार जी काही मदत करतं, त्यातली थेट वाचकाच्या दारात पोचणारी हीच, असं माझं ठाम मत आहे.

आत काय असतं? ऊसदर, ग्रामसभा, दहावीचे निकाल, निधनवार्ता. आणि जाहीर नोटिसा. लोक त्या वाचत नाहीत, मी ओळ न ओळ वाचते. तीन वर्षांपूर्वी तिसऱ्या पानावर, दोन बोटं रुंदीच्या चौकटीत आमचाच गट नंबर दिसला. शेजारच्या खरेदीत आमचा बांधाकडचा तुकडा धरला होता, हरकतीला मुदत १४ दिवस. अंक बुधवारी आला, गुरुवारी रात्री भाऊ कोल्हापूरच्या गाडीत बसला आणि हरकत वेळेत नोंदवली गेली. मोठ्या दैनिकाच्या मुंबई आवृत्तीत ही चौकट कुठून येणार?

तक्रार एकच, पानं आठाची चार झाली. संपादकांना फोन केला तेव्हा म्हणाले, "ताई, एका कार्यालयाकडे जाहिरातीचं बिल आठ महिने अडकलंय, कागद रोखीनं घ्यावा लागतो." नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने वृत्तपत्रांतल्या सरकारी जाहिरातींचा दर २६ टक्क्यांनी वाढवला, चांगलंच केलं. पण पंचवीस हजारांच्या आतल्या खपाच्या पेपरला दराइतकीच तारीखही महत्त्वाची. बिलं महिन्याभरात चुकती झाली तर ती चार पानं परत येतील.

वर्गणी नक्की भरा, जमलं तर तीन वर्षांची एकदम, म्हणजे त्यांच्या हातात कागदापुरते पैसे राहतात. पत्त्यात पिनकोड ठळक लिहायला सांगा. माझा पहिल्या वर्षी चुकला होता, सहा अंक परत गेले.