भाड्याच्या घरासाठी कर्ज: पदरचे २० की ६०?

"भाड्यातूनच हप्ता फिटतो" म्हणणारा माणूस बहुतेक वेळा बाराही महिन्यांचं भाडं धरून बोलत असतो. मी अकरा धरतो. जुना भाडेकरू गेला, भिंतींना रंग लागतोय, नवा अजून यायचाय. एवढ्यात महिना सहज जातो.

हिशोबासाठी घराची किंमत १०० धरू आणि वर्षाचं भाडं ६. रिकामा महिना वजा केला की साडेपाच. मालमत्ता कर, विमा, देखभाल, डागडुजी यांत दीड गेले की हातात ४. कर्ज ८ टक्क्यांनी, २० वर्षांचं.

| | पदरचे २०, कर्ज ८० | पदरचे ६०, कर्ज ४० |
|---|---|---|
| वर्षाचे हप्ते | ८.०३ | ४.०१ |
| भाडं वळतं केल्यावर | ४.०३ खिशातून | जवळपास बरोबरी |
| सुरुवातीलाच दर ९.५ टक्के झाला तर | हप्ते ०.९२ ने वाढतात | ०.४६ ने |
| घराची किंमत १० ने घसरली तर | पदरचे निम्मे गेले | सहावा हिस्सा गेला |

किंमत १० ने वाढली तर मात्र पहिल्याचे २० कागदावर ३० होतात. मोह पडतो तो इथेच. पण दरवर्षी ४ खिशातून जाताहेत, म्हणजे पाच वर्षांत आणखी २० ओतलेले असतात. त्यातले काही मुद्दलात जातात हे खरं, पण पहिल्या वर्षीच्या ८.०३ पैकी मुद्दलाच्या वाट्याला येतात जेमतेम १.७, बाकी सगळं व्याज. ज्याचा पगार हे ४ न कुरकुरता सोसतो, त्याने पहिला रकाना बघावा. घराने स्वतःचा खर्च स्वतः काढावा असं वाटत असेल तर दुसरा.

मुदत वाढवून हप्ता खाली आणता येतो. ८० चं कर्ज ३० वर्षांचं केलं तर वर्षाला ७.०४ भरावे लागतात, पण शेवटपर्यंत एकूण २११ जातात. २० वर्षांत १६१ गेले असते. तरीही मी लांब मुदतच घेईन, मात्र आगाऊ फेडीवर दंड नसेल तरच. बरं वर्ष आलं की जादा भरायचं, वाईट आलं की छोट्या हप्त्यावर निभावायचं. दंड असेल तर ही सोय कागदावरच राहते.

स्थिर दर की बदलता? भाडं करार संपेपर्यंत हलत नाही, बदलता हप्ता कधीही हलतो. म्हणून मोठं कर्ज असेल तर निदान पहिली काही वर्षं दर बांधून घ्यावा.

आता घर सांभाळायचं कोणी? व्यवस्थापक भाड्याच्या ८ टक्के घेतो असं धरा: वर्षाला ०.४८. एक रिकामा महिना पडतो ०.५ ला. म्हणजे त्याने वर्षातला एक महिना वाचवला की त्याचा मेहनताना सुटला. वाचवला नाही तर तो निव्वळ खर्च. नव्या भाडेकरूमागे तो वेगळे पैसे घेतो का, आणि दुरुस्तीची मूळ बिलं दाखवतो का, हे आधीच विचारा. टक्केवारी कमी सांगणारे बरेचदा इथे भरून काढतात.

मी स्वतः सांभाळायचो. सिंकखाली ओल येतेय असा भाडेकरूचा फोन आला, मी "या रविवारी बघतो" म्हणत दोन रविवार घालवले. गळत होता तो एक वॉशर. तोवर खालच्या कपाटाचं प्लायवूड फुगून दार लागेना, आणि प्लंबरचं काम सुतारावर गेलं. घरापासून लांब राहत असाल किंवा माझ्यासारखे चालढकल करणारे असाल, तर व्यवस्थापक स्वस्त पडतो.

गंगाजळी दोन्हीकडे लागते: निदान सहा महिन्यांचे हप्ते. ६० घालणाऱ्याला २ पुरतात, २० घालणाऱ्याला ४ लागतात. म्हणजे त्याने मुळात २४ घेऊनच निघायला हवं, आणि तेवढे नसतील तर थोडं लहान घर बघावं.