सिंगल प्रिसिजन: आख्ख्या सॉल्व्हरला की फक्त प्रीकंडिशनरला?

प्रवाहाच्या सिम्युलेशनमध्ये दाब काढणारं प्वासाँ समीकरण सोडवताना वेळ जातो तो मेमरीतून मॅट्रिक्स ओढण्यात. सीएसआर मांडणीत (जिच्यात फक्त शून्येतर नोंदी साठवतात) एका नोंदीला डबल प्रिसिजनचे (६४ बिट) ८ बाइट आणि इंडेक्सचे ४ लागतात; सिंगलमध्ये (३२ बिट) ४ आणि ४. म्हणजे १२ चे ८ होतात, ६ नव्हे. दुप्पट वेगाची आशा इथेच दीडपटीवर येते. तेवढा तरी पदरात पाडायचे दोन मार्ग आहेत.

पहिला इटरेटिव्ह रिफाइनमेंटचा: रेसिड्यूअल, म्हणजे उत्तर समीकरणात घातल्यावर उरणारा फरक, डबलमध्ये काढायचा, दुरुस्तीसाठी आख्खा कॉन्जुगेट ग्रेडियंट (फेरीगणिक उत्तराच्या जवळ नेणारी पद्धत) सिंगलमध्ये चालवायचा आणि ती दुरुस्ती डबलमधल्या उत्तरात मिळवायची. दुसऱ्यात कॉन्जुगेट ग्रेडियंट डबलच राहतो, फक्त मल्टिग्रिड प्रीकंडिशनर (जाडबारीक जाळ्या वापरून त्याच्या फेऱ्या कमी करणारा टप्पा) सिंगलमध्ये जातो.

कागदावर पहिला सरस, कारण जवळजवळ सगळं काम सिंगलमध्ये होतं. मॅट्रिक्सच्या दोन प्रती ठेवाव्या लागतात, तेही चालवून घेता येईल. डोकं उठतं ते आतल्या टॉलरन्सपायी, म्हणजे सिंगलमधला लूप किती अचूकतेवर थांबवायचा यापायी. आतला लूप ०.०१ वर थांबवला की बाहेरच्या फेऱ्या वाढतात, आणि दर फेरीला कॉन्जुगेट ग्रेडियंट जमवलेल्या शोधदिशा टाकून पहिल्यापासून सुरुवात करतो. ०.०००००१ पर्यंत ताणला, तर लूपमध्ये छापला जाणारा रेसिड्यूअल उतरत राहतो, खरा मात्र राउंडिंगमुळे अडकलेला असतो. मधला आकडा सापडतो, पण मेश बारीक केली की पुन्हा शोधा.

दुसऱ्यात ही कटकट नाही. बहुतेक वेळ व्ही-सायकल (मल्टिग्रिडची बारीक जाळीवरून जाड जाळीवर आणि परत अशी एक फेरी) खात असेल, तर बचतही फारशी कमी पडत नाही. पथ्यं मात्र आहेत. सिंगलमधला प्रीकंडिशनर काटेकोर सममित राहत नाही, म्हणून बीटासाठी (नव्या शोधदिशेत जुनी किती मिसळायची तो गुणक) पोलक-रिबिएरचं सूत्र वापरा. एक जादा व्हेक्टर साठवावा लागतो, इतकंच. डॉट प्रॉडक्ट डबलमध्येच ठेवा. रेसिड्यूअल सिंगलमध्ये उतरवण्याआधी त्याच्या नॉर्मने भागा, परतताना गुणा. सिंगलला याची गरज क्वचितच पडते. हाफमध्ये (१६ बिट) मात्र कमाल ६५,५०४ आणि नॉर्मल आकड्यांची किमान मर्यादा सुमारे ०.००००६१, न भागता उतरवलेला उशिराचा रेसिड्यूअल तिथे शून्यच होऊन बसतो.

डेन्स मॅट्रिक्सचं एलयू (दोन त्रिकोणी मॅट्रिक्समध्ये विघटन) करत असाल तर पहिलाच मार्ग बरा, तिथे गमावायला शोधदिशाच नसतात. लापॅक या रेषीय बीजगणिताच्या लायब्ररीतलं डीएसजीईएसव्ही हे रूटीन हेच करतं. कंडिशन नंबर (छोट्या चुका उत्तरात किती वाढतात त्याचं माप) कोटीच्या घरात गेला की ते बहुधा हात टेकतं आणि मुकाट्याने डबलमध्ये पुन्हा एलयू करतं. सिंगलचा वेळ वाया. वेग का वाढला नाही हे शोधताना आधी त्या रूटीनने परत दिलेला आयटर हा आकडा ऋण आलाय का ते बघा.