वेबॅक मशीन : रॉक्सेटवरील लेखाचे संदर्भ तपासताना

स्वीडनच्या रॉक्सेट या पॉप जोडीवर मराठी विकिपीडियासाठी लिहिलेला लेखाचा मसुदा गेले काही आठवडे माझ्या धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरील सरावाच्या पानावर, आहे. त्यातले प्रत्येक विधान संदर्भाने पक्के करायचे असे ठरवल्यावर ज्या एका सेवेवाचून माझे पान हलले नाही, ती म्हणजे इंटरनेट अर्काइव्हचे वेबॅक मशीन. संगीतावरील लेखांचे काम करणाऱ्यांना ही सेवा नक्की कुठे उपयोगी पडते आणि कुठे तिच्यावर विसंबू नये, हे या एका लेखाच्या आधारे सांगता येईल.

इंटरनेट अर्काइव्ह ही ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली स्थापन केलेली, सॅन फ्रान्सिस्कोतून चालणारी ना-नफा संस्था आहे. वेबपानांच्या प्रती साठवण्याचे काम तेव्हापासूनच सुरू असले, तरी त्या सर्वांना पाहता याव्यात म्हणून वेबॅक मशीन २००१ मध्ये खुले झाले. साठवलेल्या पानांची संख्या ऑक्टोबर २०२५ मध्ये एक लाख कोटींवर गेली. या सेवेला शुल्क नाही आणि जुनी पाने पाहायला खातेही उघडावे लागत नाही.

वापरण्याची रीत सोपी आहे. बंद पडलेल्या पानाचा पत्ता चौकटीत टाकला की वर वर्षांची पट्टी आणि खाली दिनदर्शिका येते, आणि ज्या दिवशी प्रत घेतली गेली त्या तारखेभोवती रंगीत वर्तुळ दिसते. निळे वर्तुळ म्हणजे पान नीट मिळाले, हिरवे म्हणजे ते दुसऱ्या पत्त्यावर वळवले गेले, नारिंगी म्हणजे पान सापडले नाही किंवा पाहू दिले नाही, आणि लाल म्हणजे त्या संकेतस्थळाच्या सर्व्हरमध्येच बिघाड होता. नवख्या संपादकाने हे रंग आधी ओळखून घ्यावेत, कारण हिरव्या वर्तुळावर टिचकी मारून भलत्याच मुखपृष्ठाचा दुवा संदर्भात चिकटवण्याची चूक फार सहज होते. प्रत्येक प्रतीच्या पत्त्यात चौदा आकडे असतात. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद अशा क्रमाने ते वाचायचे असतात. ही वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार असते, त्यामुळे भारतात पहाटे जतन केलेल्या पानावर आदल्या दिवसाची तारीख पडते. विकिपीडियाच्या संदर्भसाच्यात (संदर्भाचा तपशील भरण्याच्या तयार नमुन्यात) विदागार दिनांक, म्हणजे प्रत जतन झाल्याची तारीख, भरताना आपल्या घड्याळाऐवजी हेच आकडे प्रमाण मानावेत.

आता प्रत्यक्ष लेखाकडे वळतो. रॉक्सेट म्हणजे मारी फ्रेडरिक्सन आणि पेर गेस्ले. स्वीडिश उच्चार ‘येस्ले’ असा होतो, आणि मराठी लेखात तो एकदा तरी नोंदवायला हवा असे मला वाटते. १९८६ साली स्वीडनमधील हाल्मस्टाड शहराच्या या दोघांनी एकत्र काम सुरू केले आणि १९८९ ते १९९१ या काळात त्यांची चार गाणी अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली. या जोडीवर आंतरजालावर मजकूर मुबलक आहे, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. चाहत्यांची पाने, गाण्यांच्या बोलांची संकेतस्थळे, कार्यक्रमांच्या जाहिराती, तिकीटविक्रीची पाने अशा सगळ्या ठिकाणी तीच माहिती जवळजवळ त्याच शब्दांत आढळते. एकाने लिहायचे आणि बाकीच्यांनी री ओढायची, असा हा प्रकार आहे. दहा ठिकाणी छापलेली गोष्ट दहा साक्षीदारांनी सांगितलेली असतेच असे नाही. ती एकाच माणसाची ऐकीव गोष्ट दहा वेळा उतरवून घेतलेली असू शकते.

वेबॅक मशीनचा सर्वांत मोठा उपयोग मला इथे झाला. मृत दुवा जिवंत करणे हे त्याचे प्रसिद्ध काम आहे, पण एखादे विधान एखाद्या पानावर प्रथम केव्हा अवतरले हे पाहण्याची सोय मला त्याहून मोलाची वाटते. विक्रीच्या आकड्याचे उदाहरण घेऊ. रॉक्सेटने जगभरात ७.५ कोटी ध्वनिमुद्रिका विकल्या असे काही ठिकाणी लिहिलेले असते, तर काही ठिकाणी हाच आकडा ८ कोटी असतो. मी अशा पानांच्या जुन्या प्रती वर्षागणिक उघडून पाहू लागलो. एका संगीतविषयक संकेतस्थळाच्या जुन्या प्रतीत विक्रीचा उल्लेखच नव्हता. काही वर्षांनंतरच्या प्रतीत तो आला, आणि आला तो इंग्रजी विकिपीडियाच्या लेखातील आख्ख्या परिच्छेदासह. असे पान संदर्भ म्हणून देणे म्हणजे विकिपीडियाने विकिपीडियाचीच साक्ष काढणे होय. शेवटी मी विक्रीचा आकडा वृत्तसंस्थांच्या नावासह ‘अंदाजे’ म्हणून दिला, आणि लेखाचा भार ज्यांची नोंद अधिकृतपणे ठेवली जाते अशा गोष्टींवर, म्हणजे यादीतील क्रमांक आणि विक्रीसाठी दिली जाणारी सुवर्ण व प्लॅटिनम प्रमाणपत्रे यांवर टाकला.

‘इट मस्ट हॅव बीन लव्ह’ या गाण्याबाबतही हेच झाले. १९९० च्या ‘प्रिटी वूमन’ चित्रपटामुळे ते जगभर पोचले, म्हणून ते चित्रपटासाठीच लिहिले गेले असे अनेक पाने छातीठोकपणे सांगतात. प्रत्यक्षात ते १९८७ च्या अखेरीस स्वीडनमध्ये नाताळचे गाणे म्हणून आले होते आणि चित्रपटासाठी त्यातला नाताळचा उल्लेख बदलण्यात आला. जोडीच्या अधिकृत संकेतस्थळाच्या जुन्या प्रती अशा साध्या वस्तुस्थितीसाठी चालतात. मात्र ते स्रोत खुद्द जोडीचेच आहेत हे विसरू नये, आणि गाण्याची थोरवी किंवा लोकप्रियता सांगण्यासाठी त्यांचा आधार घेऊ नये.

मारी फ्रेडरिक्सन यांच्या आजारपणाविषयी आणि निधनाविषयी लिहिताना तर मी अधिकच काळजी घेतली. सप्टेंबर २००२ मध्ये घरी कोसळल्यानंतर त्यांना मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले, २००९ मध्ये त्या पुन्हा रंगमंचावर आल्या, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्यांनी दौरे थांबवल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. त्यांचे निधन ९ डिसेंबर २०१९ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी झाले, पण ते जाहीर झाले दुसऱ्या दिवशी. त्यामुळे बहुतेक बातम्यांवर १० डिसेंबर ही तारीख आहे, आणि घाईने वाचणाऱ्याने तीच निधनाची तारीख म्हणून उतरवून घेतली तर नवल नाही. वृत्तसंकेतस्थळे जुनी बातमी नंतर दुरुस्त करतात, कधी सशुल्क भिंतीआड नेतात. वेबॅक मशीनवर मात्र त्या दिवशीच्या प्रती तासांच्या फरकाने शेजारी शेजारी ठेवता येतात, आणि दोन प्रतींमधील बदललेला मजकूर रंगाने दाखवण्याची सोयही आहे. एका कलावंताच्या आयुष्याचा शेवट लिहिताना तारीख चुकू नये, यासाठी ती अर्धी दुपार मी आनंदाने खर्च केली.

मर्यादा मात्र स्पष्ट सांगायला हव्यात. पहिली म्हणजे, पानाचा पत्ता ठाऊक नसेल तर या सेवेत फारसे काही सापडत नाही. शब्द टाकून संकेतस्थळांची मुखपृष्ठे शोधता येतात, पण साठवलेल्या सगळ्या पानांच्या मजकुरात शोध घेता येत नाही. दुसरी मर्यादा संगीतावरील लेखांना विशेष जाचते. प्रमाणपत्रांच्या आणि गाण्यांच्या याद्यांच्या ज्या माहितीसाठ्यांत शोधचौकटीत नाव घालून निकाल मिळवावा लागतो, त्यांचे निकाल सहसा साठवले जात नाहीत. प्रत उघडते, चौकट दिसते आणि खाली काहीच नसते. तिसरी गोष्ट सांगकाम्यांची, म्हणजे विकिपीडियावर आपोआप संपादने करणाऱ्या प्रोग्रामांची. मृत दुव्यांना आपोआप जुन्या प्रती जोडणारा सांगकाम्या फार मोठे काम करतो, पण ज्या संकेतस्थळाचे नाव पुढे दुसऱ्या कुणी विकत घेतले, त्याची ‘हे नाव विक्रीस आहे’ अशी पाटीसुद्धा तो कधी कधी संदर्भ म्हणून जोडून मोकळा होतो. म्हणून प्रत्येक जोडलेली प्रत माणसाने उघडून वाचलीच पाहिजे.

सर्वांत मोठी उणीव काळाची आहे, आणि तिचा दोष या सेवेला देता येणार नाही. रॉक्सेटच्या यशाची मुख्य वर्षे आंतरजाल घरोघरी पोचण्याआधीची आहेत. त्यांचे ‘द लुक’ हे गाणे पहिल्या क्रमांकावर आले ते बिलबोर्डच्या ८ एप्रिल १९८९ च्या यादीत. मिनीआपोलिसच्या एका विद्यार्थ्याने स्वीडनहून ‘लुक शार्प!’ ही ध्वनिमुद्रिका परत नेली, ती केडीडब्ल्यूबी या नभोवाणी केंद्राला दिली आणि तिथून हे गाणे अमेरिकेत पसरले, ही कथा सर्वत्र वाचायला मिळते. पण तिच्यासाठी वेबपानाऐवजी त्या वर्षातील छापील मजकूर हवा. इथे गूगल बुक्सवरील बिलबोर्ड साप्ताहिकाचे जुने अंक कामी आले. ते पानोपान उघडतात आणि त्यांत शब्दही शोधता येतो. ‘लिसन टू युअर हार्ट’ हे अमेरिकेत एकेका गाण्यासाठी निघणारी सात इंची तबकडी न काढता पहिल्या क्रमांकावर गेलेले पहिले गाणे होय, हे विधानही आंतरजालावरील उसन्या वाक्यांऐवजी नोव्हेंबर १९८९ च्या अंकांशी ताडून पाहणे योग्य. अंकावरील तारीख आणि अंक प्रत्यक्ष बाजारात येण्याचा दिवस यांत अंतर असते, एवढे ध्यानात ठेवावे.

इंटरनेट अर्काइव्ह स्कॅन केलेली पुस्तकेही वाचायला उसनी देते, पण त्या बाबतीत तिचा आधार पूर्वीइतका राहिलेला नाही. प्रकाशकांनी दाखल केलेल्या खटल्यात सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील अपील न्यायालयाने संस्थेविरुद्धचा निकाल कायम केला, आणि त्या प्रकरणामुळे पाच लाखांहून अधिक पुस्तके उसनवारीतून काढावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झालेल्या सायबर हल्ल्यामुळे सेवा काही दिवस पूर्ण बंद होती. जगभरच्या लेखांचे लक्षावधी दुवे एकाच संस्थेच्या आसऱ्याला आहेत, ही मला खरोखर चिंतेची बाब वाटते. म्हणून संदर्भात केवळ पत्ता न देता लेखकाचे नाव, मथळा, वृत्तपत्र आणि तारीख हे सारे मी भरतो. पत्ता गेला तरी त्यावरून ग्रंथालयात अंक शोधता येईल.

नवा संदर्भ जोडताच ते पान जतन करण्याची सोय वेबॅक मशीनच्या मुखपृष्ठावरच आहे. पत्ता टाकून कळ दाबली की थोड्या वेळात प्रतीचा कायमचा दुवा हाती येतो. मी आता हे काम लेख प्रकाशित करण्याआधीच उरकतो. रॉक्सेटच्या मसुद्यातील जवळपास सर्व विधाने अशा रीतीने मार्गी लागली आहेत. हाल्मस्टाडमधील सुरुवातीच्या दिवसांवरील दोन वाक्ये तेवढी राहिली आहेत. त्यांचा आधार तिथल्या स्थानिक वृत्तपत्राच्या १९८० च्या दशकातील अंकांत असण्याचा संभव आहे, आणि ते अंक मला इथून पाहता आलेले नाहीत. त्या दोन वाक्यांपुढे मी ‘संदर्भ हवा’ असा साचा लावून ठेवला आहे.