ओ-थ्री फिल्टरच्या नावाखाली हिरवी काच

कुंभ राशीतील हेलिक्स तेजोमेघाची दृश्यप्रत (तेजस्वितेचे माप; आकडा जितका लहान तितकी वस्तू तेजस्वी) सुमारे ७.३ असली, तरी त्याचा प्रकाश चंद्रबिंबाच्या जवळपास निम्म्या रुंदीवर विखुरलेला असल्यामुळे पुण्याच्या उपनगरातील उजळलेल्या आकाशात माझ्या आठ इंची डॉब्सोनियन दुर्बिणीतून तो दिसत नव्हता. अशा ग्रहीय तेजोमेघांचा, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्यांनी बाहेर टाकलेल्या वायूच्या कवचांचा, बराचसा दृश्य प्रकाश दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटरच्या रेषांत एकवटलेला असतो. खरा ओ-थ्री फिल्टर एवढाच अरुंद पट्टा आत सोडतो आणि दिव्यांचा बहुतेक उजेड अडवतो.

वापरलेली उपकरणे ऑनलाइन विकणाऱ्या एकाने नामांकित कंपनीच्या डबीची छायाचित्रे पाठवून अशा फिल्टरची पूर्ण रक्कम यूपीआयने आगाऊ घेतली. हाती आलेल्या फिल्टरच्या कड्यावर कोणतेही नाव नव्हते. हेलिक्स दिसत नाही असे कळवताच त्याने आकाश खराब असल्याचे, डोळे अंधाराला सरावले नसल्याचे, तिरक्या नजरेने पाहण्याचे सांगितले. हे तिन्ही सल्ले एरवी अगदी योग्य आहेत, आणि नेमका त्यांचाच आडोसा घेऊन त्याने वस्तू परत घेण्याची मुदत उलटू दिली, याचा मला सर्वाधिक संताप आहे. अंधुक तेजोमेघ न दिसणे इतके नित्याचे असते की नवा निरीक्षक स्वतःच्या नजरेलाच दोष देत राहतो.

म्हणून फिल्टरची परीक्षा हेलिक्ससारख्या लक्ष्यावर करू नये. खऱ्या फिल्टरवर पातळ थरांचे लेपन असते. त्याचा पृष्ठभाग आरशासारखा चमकतो आणि तो दिवसा उजेडासमोर धरून तिरका केला की आरपार दिसणारा रंग निळ्याकडे सरकतो. माझी काच कशीही धरली तरी तशीच हिरवी राहिली. रात्री कुंभ राशीतच असलेला लहान पण तेजस्वी शनी तेजोमेघ पाहावा: आयपीस (दुर्बिणीचे डोळ्याजवळचे भिंग) आणि डोळा यांच्यामध्ये फिल्टर आत-बाहेर सरकवला असता शेजारचे तारे मंदावतात, तेजोमेघ मात्र ठळक राहतो. माझ्या काचेतून सारेच सारखे मंदावले.

पैसे देण्यापूर्वी फिल्टर तिरका करतानाचे चित्रीकरण मागावे, आणि ते द्यायला टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच थांबवावा. मी हे निष्कर्ष कळवल्यावर विक्रेत्याने उत्तर देणे बंद केले. व्यवहाराचा क्रमांक आणि सर्व संदेश जोडून मी १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली असून रक्कम अद्याप परत मिळालेली नाही.