ग्रामीण अभियांत्रिकी महाविद्यालयाचे उद्योग सल्लागार मंडळ : एका पालकाचा अभिप्राय

माझी मुलगी पश्चिम विदर्भातील एका तालुक्याच्या गावी, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रवेशाच्या वेळी मिळालेल्या माहितीपत्रकात एक संपूर्ण पान उद्योग सल्लागार मंडळाला दिलेले होते आणि त्यावर पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतील अधिकाऱ्यांची छायाचित्रे होती. हा अभिप्राय त्या मंडळाच्या कामापुरताच आहे; वसतिगृह, मेस आणि शुल्क हे विषय वेगळे आहेत.

आधी या मंडळाची मर्यादा समजून घ्यावी लागते. संलग्न महाविद्यालयाचा अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवते, त्यामुळे उद्योगातील सल्लागाराने कितीही योग्य सूचना केली तरी एखादा विषय काढणे किंवा घालणे महाविद्यालयाच्या हातात नसते. स्वायत्त महाविद्यालयाची गोष्ट निराळी, कारण तिथल्या अभ्यास मंडळावर उद्योगक्षेत्राचा प्रतिनिधी घ्यावाच लागतो आणि त्याचे म्हणणे थेट अभ्यासक्रमात उतरू शकते. संलग्न महाविद्यालयात सल्लागारांना वाव उरतो तो प्रकल्प, आंतरवासिता (इंटर्नशिप), प्रयोगशाळेतील जादा प्रात्यक्षिके आणि प्राध्यापकांचे प्रशिक्षण एवढ्यातच. अभियांत्रिकी अभ्यासक्रमांचा दर्जा तपासून मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाला, म्हणजे एनबीएला, अभ्यासक्रमाची उद्दिष्टे ठरवताना उद्योगाशी विचारविनिमय केल्याचा पुरावा लागतो, म्हणूनही अनेक ठिकाणी असे मंडळ स्थापन होते. त्यात गैर काही नाही, परंतु फाईलसाठी बोलावलेला सल्लागार आणि विद्यार्थ्यासाठी बोलावलेला सल्लागार यांतला फरक वर्षभरात लक्षात येतोच.

छायाचित्रातल्या मोठ्या नावांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ते ऑनलाइन व्याख्यान देतात, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि चौथी औद्योगिक क्रांती या विषयांवर बोलतात आणि मुले हजेरी लावून उठतात.

खरे काम केले ते माहितीपत्रकात अगदी खाली, छायाचित्राविना, केवळ नावाने उल्लेख असलेल्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याच्या, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्याच्या, व्यवस्थापकांनी. त्यांनी विभागाला स्पष्ट सांगितले की आंतरवासिता उन्हाळ्याच्या सुटीत ठेवली, तर आमच्या भागात मुलांना बंद कारखाना पाहावा लागेल, कारण कापसाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत आटोपतो. म्हणून त्यांनी तिचे दोन भाग करून घेतले. हिवाळ्यात मुलांनी चालू रेचे, म्हणजे सरकी वेगळी करणारी यंत्रे, पाहायचे, ओलाव्यानुसार रुईच्या उताऱ्यात (कापसातून निघणाऱ्या रुईच्या प्रमाणात) पडणारा फरक आणि साधारण १७० किलोची गाठ बांधताना प्रेसवर येणारा दाब यांच्या नोंदी घ्यायच्या. उन्हाळ्यात तेच रेचे उघडून देखभालीच्या कामात हात घालायचा. रेच्याच्या रोलरवरील, क्रोम वापरून कमावलेल्या चामड्याच्या चकत्या घासल्या जातात तेव्हा क्रोमचे कण रुईत मिसळतात, ही अडचण त्यांनी प्रकल्पासाठी दिली. त्यावर रबरी रोलरचा पर्याय संशोधन संस्थांनी आधीच शोधलेला आहे हेही त्यांनीच सांगितले आणि आपल्या कारखान्याच्या खर्चात तो बसतो का, याचा हिशेब मुलांकडून मागितला. माझ्या मुलीच्या गटाने तो हिशेब केला. उत्तर फारसे उत्साहवर्धक निघाले नाही, तरी व्यवस्थापकांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि मजुरीचा व वारंवार रोलर बदलण्याचा खर्च धरून पुन्हा मांडायला लावले. अभियांत्रिकीच्या शिक्षणात मला अपेक्षित होते ते हेच.

औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले आणखी एक अभियंता मंडळावर आहेत आणि ते पंप व बेअरिंग बिघडण्याची कारणे शिकवतात. त्यांची तक्रार अशी की प्रयोगशाळेतील कंपनमापक कपाटात कुलूपबंद असतो आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते नेमके त्या दिवशी रजेवर असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या नावाने अनुभवी व्यावसायिकांना अध्यापनात आणण्याची वाट मोकळी केली. अशा माणसाला त्या वाटेने नियमित मानधनावर घ्यावे, असे मला वाटते, कारण पदरचे पेट्रोल जाळून येणारा माणूस किती वर्षे येईल, हा प्रश्न आहेच.

मुख्य उणीव बैठकांच्या पाठपुराव्यात आहे. मागणी केल्यावर विभागप्रमुखांनी मला इतिवृत्त दाखवले, हे त्यांचे सौजन्य. मात्र त्यात मागील सूचनांवर काय कार्यवाही झाली, हा रकाना बहुतेक ठिकाणी ‘विचाराधीन’ या शब्दाने भरलेला आहे. यंदा प्रवेश घेणाऱ्या पालकांनी छायाचित्रांचे पान बाजूला ठेवून हाच रकाना मागावा आणि मंडळावरील किती सदस्यांचा कारखाना महाविद्यालयापासून एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या टप्प्यात आहे, हे विचारावे.

यंत्र शाखेपुरते मी या सेवेला पाचपैकी साडेतीन गुण देतो. संगणक शाखेच्या मुलांना जवळपास असा कारखानाच नसल्याने त्यांच्या वाट्याला अजून केवळ ऑनलाइन व्याख्यानेच आहेत, त्यामुळे त्या शाखेच्या पालकांनी माझ्या गुणांवर विसंबू नये.