आर्मेनियातल्या खेड्यात शिकवायला पाठवणारी नागपूरची संस्था : नऊ महिन्यांनंतरचा अभिप्राय

धरमपेठेतील ही संस्था निवृत्त आणि तरुण शिक्षकांना एका शैक्षणिक वर्षासाठी आर्मेनियातील खेड्यांमधल्या शाळांत स्वयंसेवक म्हणून पाठवते. सप्टेंबर २०२२ ते मे २०२३ असे नऊ महिने मी तिच्यामार्फत शिराक प्रांतातील एका गावात इंग्रजी शिकवले. माझ्या तक्रारी मी संस्थेला लेखी कळवल्या आहेत, त्यामुळे येथे तिचे नाव घेत नाही. परंतु नागपूर-विदर्भातले आणखी शिक्षक या वाटेने जाऊ इच्छितात हे मला ठाऊक आहे, आणि त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिणे मला गरजेचे वाटते. माझे मत आधीच सांगते : राहण्यासाठी घर निवडण्यात ही संस्था अत्यंत चोख आहे, पण त्या घरात आणि त्या शाळेत जाण्यासाठी माणसाला तयार करण्यात ती कमी पडते.

संस्थेच्या शुल्कात कागदपत्रे, सहा रविवारचे भाषावर्ग आणि यजमान कुटुंबाला दरमहा दिली जाणारी रक्कम एवढे येते. विमानाचे भाडे आपले, आणि मानधन काहीही नाही. हे सगळे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले गेले आणि नंतर एक रुपयाही वाढवून मागितला गेला नाही, याची नोंद करते.

भाषावर्ग घेणारी तरुणी आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानमध्ये, वैद्यकीय शिक्षण घेऊन परतलेली होती. तिचे बोलणे सफाईदार होते आणि शिकवण्याची हौसही होती, मात्र हाती दिलेली सगळी टिपणे रोमन लिपीत होती. माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. मेस्रोप माश्तोत्स यांनी इसवी सन ४०५ च्या सुमारास घडवलेल्या आर्मेनियन लिपीत आज ३९ अक्षरे आहेत, आणि त्यांतली बरीच अशा ध्वनींची आहेत की जे रोमन लिपीत धड लिहिता येत नाहीत, पण मराठी माणसाच्या तोंडी लहानपणापासून असतात. घराला ते ‘तुन’ म्हणतात आणि चहाला ‘थेय’. रोमन टिपणात दोन्ही शब्द एकाच अक्षराने सुरू होतात. आर्मेनियनमध्ये त आणि थ ही आपल्यासारखीच दोन वेगळी अक्षरे आहेत. प आणि फ, क आणि ख यांचेही तसेच. त्याहून मोठे नवल च आणि ज यांचे आहे. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च, ‘जीव’मधला ज आणि ‘जाळे’मधला ज आपण वेगवेगळे उच्चारतो, पण लिहितो एकाच अक्षराने, आर्मेनियन लिपीने या प्रत्येकाला स्वतंत्र अक्षर दिले आहे. पाण्याला ‘जुर’ म्हणताना जिवातला ज लागतो, तर हिवाळ्याला ‘ज्मेर’ म्हणताना जाळ्यातला. माझ्यासारख्या बाईला, जिने ३१ वर्षे मुलांचे उच्चार सुधारण्यात घालवली, हे सहाव्या रविवारपर्यंत कोणी सांगू नये याचे मला मनापासून वाईट वाटले.

ते मला सांगितले माझ्या यजमानांच्या नातीने. ती पहिलीत होती. संध्याकाळी शेगडीजवळ बसून ती आपल्या ‘आयबबेनारान’मधल्या, म्हणजे अंकलिपीतल्या, एकेका अक्षरावर बोट ठेवायची, उच्चार करायची आणि माझ्याकडून तो बरोबर येईपर्यंत पान उलटू द्यायची नाही. मी प्रत्येक अक्षरासमोर पेन्सिलीने देवनागरी अक्षर लिहीत गेले. तीन आठवडे रोमन टिपणांवरून चुकीचे बोलत होते, ते आठ दिवसांत ताळ्यावर आले. ‘दू’ आणि ‘दुक’ यांतला फरकही टिपणात नव्हता, कारण इंग्रजीत दोघांनाही एकच शब्द. आपल्याकडे तू आणि तुम्ही यांत जे आहे तेच तिथे आहे, आणि मुख्याध्यापकांना मी पहिले काही दिवस ‘दू’ म्हणत राहिले. त्यांनी एकदाही चेहऱ्यावर दाखवले नाही. धन्यवादासाठी टिपणात ‘श्नोर्हाकालुत्यून’ हा एकच शब्द होता. गावात बहुतेक जण सरळ ‘मेर्सी’ म्हणतात.

शाळेत विद्यार्थी ‘मिस’ म्हणतील असे आम्हाला सांगितले होते. प्रत्यक्षात तिथे शिक्षकाला ‘अंकेर’ म्हणतात आणि त्यापुढे आडनाव जोडतात. या शब्दाचा अर्थ सोबती, आणि ही रीत सोव्हिएत काळापासून चालत आलेली आहे. पहिल्या दिवशी मुले मला हाक मारत होती आणि मी दुसऱ्याच कोणाला तरी शोधत होते.

घराबद्दल मात्र संस्थेचे जितके आभार मानावेत तितके थोडेच. समन्वयक ताई स्वतः आदल्या वर्षी ते घर पाहून आल्या होत्या. तीन पिढ्यांचे कुटुंब, शाळेपासून चालत सात मिनिटांवर, आणि माझ्या खोलीच्या भिंतीतून शेगडीचा पत्र्याचा पाइप गेलेला, त्यामुळे रात्री भिंत कोमट राहायची. शिराकमध्ये ही गोष्ट किती मोलाची आहे ते नागपूरकरांना सांगावे लागेल. आपल्याकडे पारा ८ अंशांवर उतरला की शेकोट्या पेटतात. तिथे जानेवारीत तो उणे २० च्याही खाली जातो. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आहे, शिराकचे मुख्य शहर ग्युम्री सुमारे १५०० मीटरवर, आणि आमचे गाव त्याहूनही वर होते. संस्थेने दिलेली सामानाची यादी येरेवानला मे महिन्यात फिरायला जाणाऱ्यासाठी केलेली असावी, असे ती वाचताना वाटते. नागपूरच्या बर्डी बाजारात घेतलेले दोन स्वेटर ऑक्टोबरच्या अखेरीसच निरुपयोगी ठरले, आणि आतून लोकर लावलेले बूट मला ग्युम्रीच्या बाजारातून घ्यावे लागले. ज्यांना जायचे आहे त्यांनी बुटांसाठी पैसे वेगळे राखून ठेवावेत आणि ते तिथेच घ्यावेत.

त्या शेगडीत काय जळते हे कळले तो दिवस माझ्यासाठी विशेष होता. शिराकच्या पठारावर झाडे विरळ आहेत. घरच्या आजींनी, ज्यांना सगळे ‘तातिक’ म्हणत, मला गोठ्यामागे नेऊन एक रास दाखवली आणि म्हणाल्या, ‘आथार’. गोठ्यातले शेण आणि गवताची काडी गुरांच्या पायांखाली तुडवून घट्ट झाली की विटांसारखे तुकडे कापून उन्हाळ्यात वाळवलेले होते. मी एक तुकडा हातात घेऊन हुंगला आणि माझ्या काटोलकडच्या आजोळच्या परसात पोहोचले. आमच्या गोवऱ्या गोल आणि त्यांच्या चौकोनी, एवढाच काय तो फरक. मी तातिकांना हाताने थापण्याची खूण करून दाखवली, तेव्हा त्या खळखळून हसल्या आणि माझा हात धरून मला घरात घेऊन गेल्या. त्या दिवसानंतर त्यांनी मला पाहुणी म्हणून कधी वागवले नाही. सकाळी शेगडी पेटवणे माझ्याकडे आले.

जेवणाच्या बाबतीत संस्थेने मी शाकाहारी असल्याचे कळवले होते, पण कळवताना वापरलेल्या शब्दांचा अर्थ घरच्यांनी ‘गाईचे-डुकराचे मांस खात नाही’ असा घेतला आणि पहिल्या रात्री माझ्यासाठी प्रेमाने कोंबडी शिजवली. हा प्रसंग दोन्ही बाजूंना अवघड होता आणि तो टाळता आला असता. आर्मेनियन चर्चमध्ये ईस्टरपूर्वीच्या उपवासाची परंपरा आहे, उपवासाला ‘पास’ म्हणतात, आणि त्या दिवसांत मांस-अंडी वर्ज्य असतात. मी बारा महिने ‘पास’ पाळते, फक्त दूध-दही चालते, एवढे सांगितल्यावर तातिकांना सगळे उमगले. मग कडधान्ये कोबीच्या पानात गुंडाळून केलेली ‘पासुत्स तोल्मा’ आली, वेणीसारखी गुंफून वाळवलेल्या ‘आवेलुक’ या रानभाजीचे सार आले, आणि ‘स्पास’ आले. दह्यात गहू घालून केलेले हे गरम सार चाखताना कढीचीच आठवण येते, आणि बर्फ पडत असताना त्याच्याइतके दुसरे काही बरे वाटत नाही. तोनिरमध्ये, म्हणजे जमिनीतल्या तंदूरमध्ये, भाजलेला लवाश, म्हणजे पातळ रोटी, वाळवून महिनोन्‌महिने ठेवतात आणि लागेल तेव्हा पाणी शिंपडून मऊ करतात. युनेस्कोने २०१४ मध्ये लवाशला वारसा यादीत घेतले ही माहिती संस्थेच्या पुस्तिकेत होती. पाणी शिंपडायचे असते ही नव्हती.

आता जे सांगायचे आहे ते लिहिताना आजही जड जाते. ७ डिसेंबरला मी सातवीच्या वर्गासाठी खेळांचा तास आखला होता, रंगीत कागदी टोप्याही केल्या होत्या. सकाळी शाळेत गेले तर शिक्षकांच्या खोलीत कोणीच बोलत नव्हते. ७ डिसेंबर १९८८ रोजी सकाळी ११ वाजून ४१ मिनिटांनी स्पिताकचा भूकंप झाला होता. स्पिताक जमीनदोस्त झाले, ग्युम्रीचा, ज्याला तेव्हा लेनिनाकान म्हणत, मोठा भाग कोसळला, आणि सुमारे २५ हजार माणसे गेली. वेळ शाळेची होती, त्यामुळे त्यांत मुले फार होती. ज्यांच्याबरोबर मी रोज चहा पीत होते त्या इतिहासाच्या शिक्षिका त्या दिवशी आठ वर्षांच्या होत्या आणि ढिगाऱ्याखालून निघाल्या होत्या. मी टोप्या पिशवीतून बाहेर काढल्या नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली तेव्हा मी नव्यानेच नोकरीला लागले होते, आणि आमच्या शाळेने धान्य व पांघरुणे गोळा करून पाठवली होती. हे मी तोडक्यामोडक्या भाषेत त्या बाईंना सांगितले. त्यांनी ‘किल्लारी’ हे नाव दोनदा उच्चारून घेतले. शिराकला शिक्षक पाठवणाऱ्या संस्थेने ही एक तारीख सांगितली नाही, ही चूक मला सामानाच्या यादीतल्या चुकांपेक्षा कितीतरी मोठी वाटते.

शिकवण्याबद्दल थोडक्यात लिहिते. वर्गात सात ते अकरा मुले असत, गुण दहापैकी देतात, आणि ते देण्याचा अधिकार स्थानिक शिक्षिकेचा असतो. स्वयंसेवकाने त्यात पडू नये. संस्थेचा पाठ-आराखडा अगदी नवशिक्या शिक्षकांसाठी होता, तो मी वापरला नाही. बुद्धिबळ २०११ पासून तिथल्या प्राथमिक वर्गांत सक्तीचा विषय आहे, त्यामुळे मधल्या सुट्टीत पट मांडला की भाषा नसतानाही मुले जवळ येतात. २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने शेजारच्या जॉर्जियात, बातुमीला, महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा मला अभिनंदनाचा पहिला संदेश त्या गावातल्या एका मुलाचा आला. मी नागपूरची आहे हे त्याच्या लक्षात होते.

अडचणीच्या वेळी संस्था पाठीशी उभी राहते का, असे मला अनेकांनी विचारले आहे. राहते. १३ सप्टेंबर २०२२ ला पूर्व आणि दक्षिण सीमेवर अझरबैजानच्या सैन्याशी लढाई सुरू झाली. आमचा प्रांत त्या भागापासून दूर असला तरी गावातले तरुण सैन्यात होते आणि घराघरांत काळजी होती. त्या दिवशी तिथल्या सकाळी सहाला, म्हणजे नागपुरात साडेसात वाजता, समन्वयक ताईंचा फोन आला. ‘बाई, तुम्हाला परत यायचं असेल तर आज तिकीट काढते, आणि राहायचं असेल तर मी रोज फोन करते,’ असे त्या म्हणाल्या. मी राहिले, आणि त्यांनी लढाई थांबून आठवडा होईपर्यंत रोज फोन केला.

परतल्यावर मी अंकलिपीच्या त्या पेन्सिलीच्या नोंदी स्वच्छ लिहून काढल्या. त्या तक्त्यात ३९ अक्षरे, त्यांचे देवनागरी उच्चार, आणि च व ज यांच्यापुढे प्रत्येकी ओळखीचा एक मराठी शब्द आहे. त्याची प्रत संस्थेच्या कार्यालयात दिली आहे. पुढच्या तुकडीचे भाषावर्ग जूनमध्ये सुरू होतात. जे जाणार असतील त्यांनी पहिल्याच रविवारी तो तक्ता मागून घ्यावा.